मागणी लहान होती तेव्हा

श्रीलंकेतील तमिळ राष्ट्रवादाचा विचार करताना पहिली अडचण येते ती ‘तमिळ’ या शब्दाचीच. बेटावर तमिळ बोलणारे लोक तीन निरनिराळ्या समाजांत विभागलेले आहेत आणि या तिघांनी स्वतःला एक असे फारसे कधी मानलेले नाही. उत्तरेकडील जाफना द्वीपकल्प, त्याच्या दक्षिणेचा वन्नीचा विरळ वस्तीचा रानपट्टा आणि पूर्व किनाऱ्यावरील त्रिंकोमाली व बट्टिकलोआचा प्रदेश येथे शतकानुशतके राहत आलेल्यांना ‘श्रीलंकन तमिळ’ म्हणतात. ब्रिटिश मळेवाल्यांनी एकोणिसाव्या शतकात आजच्या तमिळनाडूच्या कोरडवाहू भागांतून आधी कॉफीच्या आणि पुढे चहाच्या मळ्यांवर जे मजूर नेले, त्यांचे वंशज बेटाच्या मध्यभागी डोंगराळ मुलखात राहतात. सरकारी कागदांत ते ‘भारतीय तमिळ’, तर त्यांच्या स्वतःच्या तोंडी ‘मलैयह तमिळ’, म्हणजे डोंगरातले तमिळ. तिसरा समाज मुसलमानांचा. त्यांच्या घरात बहुतांशी तमिळच बोलली जाते, पण त्यांची ओळख भाषेवर नव्हे, धर्मावर उभी आहे. १९८१ च्या जनगणनेत सिंहली ७४ टक्के, श्रीलंकन तमिळ पावणेतेरा टक्क्यांच्या आसपास, भारतीय तमिळ साडेपाच आणि मुसलमान सुमारे सात टक्के होते. तमिळ राष्ट्रवादाने यांपैकी कोणाला आपले म्हटले, आणि ज्यांना आपले म्हटले त्यांना पुढे कसे वागवले, हा प्रश्न या इतिहासात शेवटपर्यंत सुटत नाही.

दुसरा शब्द ‘ईळम’. मराठी वर्तमानपत्रांनी तो ‘ईलम’ असा रूढ केला. या शब्दाने १९७६ नंतर एक फुटीर राज्य सूचित होऊ लागले असले, तरी प्राचीन तमिळमध्ये ते संपूर्ण बेटाचेच नाव आहे, आणि श्रीलंकेच्या राष्ट्रगीताचा जो अधिकृत तमिळ अनुवाद आहे त्यातही हा शब्द संपूर्ण देशासाठी आलेला आहे. ज्या शब्दाचा उच्चार एके काळी संशयितांच्या यादीत नाव घालायला पुरेसा होता, तो सरकारी गीतात सुखाने नांदत होता, ही गोष्ट राष्ट्रवादाच्या शब्दकोशाबद्दल बरेच काही सांगून जाते.

तिसरी संज्ञा ‘राष्ट्र’. अल्पसंख्याक समाज राज्याकडे संरक्षण मागतो: आमच्या शाळा चालू द्या, नोकरीत डावलू नका, मंदिर-मशिदीला हात लावू नका. ‘राष्ट्र’ म्हणवणारा समाज मात्र संरक्षण मागत नाही, सत्तेत वाटा मागतो. त्याचे म्हणणे असे असते की आमची भाषा, आमची भूमी आणि आमचा इतिहास वेगळा असल्यामुळे आमच्यावर कोणी राज्य करायचे हे ठरवण्याचा, म्हणजे स्वयंनिर्णयाचा, हक्क आमचा आहे. श्रीलंकन तमिळांचे पुढारी विसाव्या शतकाच्या आरंभी यांपैकी कोणतीच भाषा बोलत नव्हते. ‘सिलोन नॅशनल काँग्रेस’ १९१९ साली स्थापन झाली तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष होते पोन्नम्बलम अरुणाचलम, एक तमिळ. आणि त्यांना आपण अल्पसंख्याकांचे नव्हे, संपूर्ण सिलोनचे पुढारी आहोत असेच वाटत होते. पश्चिम प्रांतात तमिळांसाठी जागा राखून ठेवण्याच्या वादावरून ते १९२१ मध्ये बाहेर पडले. जाफन्यातील तरुणांची ‘यूथ काँग्रेस’ तर गांधीजींच्या चळवळीने इतकी भारलेली होती की १९३१ साली ब्रिटिशांनी सार्वत्रिक मताधिकार दिला, पण पूर्ण स्वराज्य दिले नाही, म्हणून तिने त्या निवडणुकीवर बहिष्कार घातला. सिंहली पुढाऱ्यांपेक्षा जाफन्याचे तमिळ तरुण अधिक कडवे ‘सिलोनी’ होते, असा एक क्षण या इतिहासात येऊन गेला आहे.

दोन्ही बाजूंचे प्रचारक आपले भांडण दोन हजार वर्षांचे असल्याचे सांगतात. सिंहली बाजू पाचव्या-सहाव्या शतकातील ‘महावंस’ या पाली बखरीतील राजा दुट्ठगामणी आणि तमिळ राजा एळार यांच्या युद्धाचा दाखला देते, तर तमिळ बाजू १६१९ साली पोर्तुगिजांनी बुडवलेल्या जाफन्याच्या स्वतंत्र राज्याचा. इतिहासाचा उपयोग येथे वकिलाच्या टिपणासारखा होतो, आणि टिपणात अडचणीची पाने नसतात: दुट्ठगामणीने रणात पडलेल्या एळारचे स्मारक बांधून त्याला मान देण्याची आज्ञा केली, हेही ‘महावंसा’तच लिहिलेले आहे. एकच प्रशासन, एकच राजधानी आणि म्हणूनच एकाच सत्तेसाठीची चढाओढ ही १८३३ च्या ब्रिटिश सुधारणांनंतरची गोष्ट आहे. जाफन्याची जमीन चुनखडीची. तेथे बारमाही नदी नाही, शेती विहिरीच्या पाण्यावर, आणि कोठेही पाहावे तर ताडाची झाडे. १८१६ पासून तेथे अमेरिकन मिशनऱ्यांनी शाळा काढल्या, त्यांना उत्तर म्हणून आरुमुग नावलर यांच्यासारख्या शैव पंडितांनी आपल्या शाळा आणि छापखाने काढले, आणि या स्पर्धेतून एका रुक्ष द्वीपकल्पात इंग्रजी जाणणाऱ्यांची मोठी पिढी तयार झाली. शेतात पिकत नव्हते ते कचेरीत पिकू लागले. सरकारी नोकरी हे जाफन्यातील मध्यमवर्गाचे जणू वतनच बनले, आणि पुढे नोकरीची भाषा बदलण्याचा विषय निघाला तेव्हा वतन गेल्याचीच कळ उठली.

सिंहली बाजूची व्यथाही खोटी नव्हती. सिंहली भाषा या बेटाबाहेर कोठेही बोलली जात नाही, तर पाल्कची सामुद्रधुनी ओलांडली की कोट्यवधी तमिळ. त्यामुळे बेटावर तीन-चतुर्थांश असलेला समाज मनाने अल्पसंख्याकच राहिला, असे अनेक अभ्यासकांनी म्हटले आहे. शिवाय खेड्यातला सिंहली शिक्षक, वैद्य आणि बौद्ध भिक्खू यांना स्वातंत्र्यानंतरही इंग्रजी न आल्यामुळे सरकारदरबारी किंमत नव्हती. या वर्गाची नाराजी रास्त होती. तिचे औषध इंग्रजीच्या जागी दोन्ही देशी भाषा आणणे हे होते, आणि १९४० च्या दशकात बहुतेक पुढाऱ्यांना ते मान्यही होते.

४ फेब्रुवारी १९४८ रोजी सिलोन स्वतंत्र झाला आणि त्याच वर्षी नव्या संसदेने नागरिकत्वाचा जो कायदा केला, त्याने मळ्यांवरील सुमारे सात लाख तमिळ बिनदेशाचे झाले. पाठोपाठ त्यांचा मताधिकारही गेला. कोणाच्या बापाचा जन्म कोठे झाला याचा कागदी पुरावा मळ्याच्या चाळीत राहणाऱ्या मजुराकडे असणे शक्य नव्हते, आणि कायदा करणाऱ्यांना ते ठाऊक होते. जाफन्याचे तोवरचे सर्वांत मोठे पुढारी जी. जी. पोन्नम्बलम, ज्यांनी संसदेतील निम्म्या जागा सर्व अल्पसंख्याकांना मिळून द्याव्यात अशी ‘पन्नास-पन्नास’ची मागणी स्वातंत्र्यापूर्वी गाजवली होती, ते पंतप्रधान डी. एस. सेनानायके यांच्या सरकारात मंत्री झाले. त्यांच्याच पक्षातील एस. जे. व्ही. चेल्वनायकम यांनी नागरिकत्वाच्या प्रश्नावर वेगळी वाट धरली. मलायातील इपो येथे जन्मलेला, मवाळ आवाजाचा, ख्रिस्ती धर्माचा हा वकील पुढे तीन दशके प्रामुख्याने हिंदू असलेल्या समाजाचा निर्विवाद नेता राहिला. आजही तमिळ त्यांना ‘तंदै चेल्वा’, म्हणजे चेल्वाबाबा, म्हणतात. डिसेंबर १९४९ मध्ये त्यांनी काढलेल्या पक्षाची दोन नावे होती. इंग्रजीत तो ‘फेडरल पार्टी’, म्हणजे संघराज्यवादी पक्ष. तमिळमध्ये ‘इलंकै तमिळ अरसु कच्ची’, आणि यातील ‘अरसु’चा अर्थ राज्य किंवा सरकार असा होतो. सिंहली राजकारण्यांनी तमिळ नाव वाचले, त्यात फुटीरता पाहिली आणि इंग्रजी नावाकडे दुर्लक्ष केले.

संघराज्य याचा अर्थ येथे एवढाच की देश एक, पण शेती, शिक्षण, जमीन यांसारखे विषय प्रांतांच्या हाती आणि ते अधिकार केंद्राला एकतर्फी काढून घेता येऊ नयेत. याउलट एकात्म राज्यात प्रांतांना जे मिळते ते केंद्राच्या मर्जीने. ही मागणीसुद्धा तमिळ मतदारांना आरंभी पटली नव्हती, आणि हा तपशील अनेक पुस्तकांत एका ओळीत उरकला जात असला तरी सगळ्या प्रकरणाची किल्ली तोच आहे. १९५२ च्या निवडणुकीत चेल्वनायकमांच्या पक्षाला केवळ दोन जागा मिळाल्या आणि ते स्वतः कांकेसनतुरैमधून पडले. चार वर्षांनी, १९५६ मध्ये, त्याच पक्षाला दहा जागा मिळाल्या. या चार वर्षांत चेल्वनायकमांचे भाषण बदलले नव्हते. दक्षिणेत ‘सिंहली हीच एकमेव’ या घोषणेचे वारे सुटले होते.

एस. डब्ल्यू. आर. डी. भंडारनायके हे ऑक्सफर्डला शिकलेले, इंग्रजीत अस्खलित आणि एके काळी संघराज्याचा पुरस्कार केलेले पुढारी १९५६ साली चोवीस तासांत सिंहली राजभाषा करण्याचे आश्वासन देऊन निवडून आले. ५ जून रोजी विधेयक मांडले गेले तेव्हा कोलंबोच्या समुद्रकिनाऱ्यावरील गॉल फेस मैदानात सत्याग्रहाला बसलेल्या तमिळ पुढाऱ्यांना जमावाने मारहाण केली आणि पोलीस बघत राहिले. डाव्या पक्षाचे सिंहली नेते कोल्विन आर. डी सिल्वा यांनी संसदेत त्या वेळी बजावले होते की दोन भाषा ठेवाल तर देश एक राहील, एक भाषा ठेवाल तर देश दोन होतील. भारतानेही १९५६ मध्येच राज्यपुनर्रचनेचा कायदा केला. त्यात मराठी भाषकांवर अन्याय झाला, मुंबईसाठी लोकांना गोळ्या झेलाव्या लागल्या, पण १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला आणि भाषेचा आग्रह धरणाऱ्यांना देशद्रोही ठरवणारी भाषा हळूहळू विरली. सामुद्रधुनीपलीकडच्या देशाने नेमक्या त्याच वर्षी उलटी वाट धरली.

भंडारनायके यांना आपण काय सोडले आहे याची जाणीव लवकर झाली. २६ जुलै १९५७ रोजी त्यांनी चेल्वनायकमांशी करार केला. त्यात तमिळ ही उत्तर व पूर्व प्रांतांतील कारभाराची भाषा होणार होती, आणि शेती, शिक्षण, जमीन व वसाहती हे विषय प्रादेशिक मंडळांकडे जाणार होते. वसाहतींचा मुद्दा महत्त्वाचा, कारण पूर्वेकडे धरणे बांधून सरकार तेथे सिंहली शेतकऱ्यांना जमिनी देत होते आणि त्यामुळे मतदारसंघांची लोकसंख्याच बदलत होती. बदल्यात चेल्वनायकमांनी संघराज्याची मागणी बाजूला ठेवली आणि ठरलेला सत्याग्रह मागे घेतला. विरोधी पक्षातील जे. आर. जयवर्धने यांनी या कराराविरुद्ध कँडीच्या दिशेने पदयात्रा काढली. लिलावात चढत्या बोलीने वस्तूची किंमत फुगावी तसे येथे झाले: सत्तेवरचा सिंहली पक्ष तडजोड करणार, विरोधातला देश विकल्याचा आरोप करणार, आणि जागा बदलल्या की भूमिकाही बदलणार.

या लिलावात एक अक्षर निमित्त झाले. सरकारने मोटारींच्या क्रमांकपट्टीवर इंग्रजी अक्षरांच्या जागी सिंहली लिपीतील ‘श्री’ आणले. श्री हा शब्द सिंहलीत संस्कृतातून आलेला आणि तमिळमध्येही तितकाच जुना. त्यासाठी तमिळ लिपीत ग्रंथलिपीतले स्वतंत्र अक्षर आहे. भांडण शब्दाचे नव्हतेच, लिपीचे होते. जाफन्यात सिंहली ‘श्री’वर डांबर फासून तेथे तमिळ ‘श्री’ रंगवण्याची मोहीम निघाली. त्याला उत्तर म्हणून दक्षिणेत दुकानांच्या तमिळ पाट्यांवर डांबर फासले गेले. डांबराचे डबे घेऊन फिरणाऱ्या टोळ्यांवर पोलिसांनी बडगा उगारला नाही. एप्रिल १९५८ मध्ये भिक्खूंनी पंतप्रधानांच्या बंगल्याच्या हिरवळीवर धरणे धरले आणि भंडारनायके यांनी करार रद्द केल्याचे त्यांना लेखी दिले. पुढच्या महिन्यात देशव्यापी दंगल झाली. पुढच्या वर्षी, सप्टेंबर १९५९ मध्ये, भंडारनायके यांची हत्या झाली ती एका बौद्ध भिक्खूच्या हातून. १९६५ साली सिंहली पुढारी डडली सेनानायके यांनी चेल्वनायकमांशी दुसरा करार केला. तोही अमलात आला नाही.

दरम्यान भाषेच्या कायद्याचा परिणाम दिसू लागला होता. प्रशासकीय सेवेत १९५६ साली तमिळांचे प्रमाण साधारण तीस टक्के होते, ते १९७० पर्यंत पाच टक्क्यांच्या आसपास आले. नोकरी गेल्यावर उरली ती डॉक्टरी आणि इंजिनिअरिंगची वाट, आणि १९७१ पासून तीही अरुंद झाली. ‘प्रमाणीकरण’ असे निरुपद्रवी नाव असलेल्या या धोरणानुसार तमिळ माध्यमाच्या विद्यार्थ्याला वैद्यकीय प्रवेशासाठी २५०, तर सिंहली माध्यमाच्या विद्यार्थ्याला २२९ गुण लागू लागले. पुढे जिल्हावार वाटे आले. विज्ञान शाखांतील तमिळ विद्यार्थ्यांचे प्रमाण १९६९-७० मध्ये सुमारे ३५ टक्के होते ते १९७४ पर्यंत २१ टक्क्यांवर उतरले. जिल्हावार वाट्याचा फायदा मन्नार आणि बट्टिकलोआसारख्या मागास तमिळ जिल्ह्यांनाही झाला, हे सांगितले पाहिजे. पण तमिळ राजकारणाचा आवाज जाफन्याचा होता, आणि जाफन्यातल्या घराघरांत एक तरी मुलगा दोन-चार गुणांनी हुकलेला होता. हत्यार उचलणारी पहिली पिढी याच मुलांची.

१९७२ च्या नव्या घटनेने देशाचे नाव श्रीलंका केले, बौद्ध धर्माला अग्रस्थान दिले आणि अल्पसंख्याकांना संरक्षण देणारे जुने २९ वे कलम गाळले. १४ मे १९७६ रोजी वट्टुकोट्टै मतदारसंघात भरलेल्या परिषदेत, आयुष्यभर संघराज्य मागणाऱ्या चेल्वनायकमांच्याच नेतृत्वाखाली, स्वतंत्र तमिळ ईळमचा ठराव झाला. ‘पन्नास-पन्नास’, मग संघराज्य, मग प्रादेशिक मंडळे, आणि आता स्वतंत्र राज्य असा हा प्रवास आहे. त्यातील प्रादेशिक मंडळांचा टप्पा मागे जाणारा होता, आणि त्या पावलाचीही कदर झाली नाही. मळ्यांवरील तमिळांचे नेते सौम्यमूर्ती तोंडमान या ठरावापासून दूर राहिले. त्यांच्या लोकांचे घर, मळा आणि मजुरी सिंहली मुलखाच्या मध्यावर होती. ईळमच्या नकाशात ती बसतच नव्हती. त्यांच्यापैकी लाखोंची तर १९६४ च्या शास्त्री-सिरिमावो कराराने भारत आणि सिलोन यांच्यात वाटणी झालेली होती, सव्वापाच लाख तुम्हांला आणि तीन लाख आम्हांला या हिशेबाने, आणि त्यांना कोणी विचारले नव्हते.

यानंतरच्या सात वर्षांत दोन घटना अशा घडल्या की ज्यांनी संसदीय मार्गावरचा विश्वास मोडला. जाफन्याचे सार्वजनिक ग्रंथालय लोकवर्गणीतून उभे राहिले होते. त्याच्या आखणीत भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक एस. आर. रंगनाथन यांचा सल्ला घेतलेला होता. ३१ मे १९८१ च्या रात्रीपासून शहरात पोलीस आणि त्यांच्यासोबतच्या गुंडांनी जाळपोळ आरंभली आणि त्या आगीत ताडपत्रांवरील हस्तलिखितांसह सुमारे ९७ हजार ग्रंथ जळाले. त्या वेळी दोन मंत्री शहरातच मुक्कामाला होते. दुसरी घटना जुलै १९८३ ची. २३ जुलैच्या रात्री जाफन्याजवळ ‘लिबरेशन टायगर्स ऑफ तमिळ ईलम’ ऊर्फ लिट्टेने सुरुंग लावून १३ सैनिक मारले आणि दुसऱ्या दिवशी रात्रीपासून कोलंबोत तमिळांची घरे आणि दुकाने पेटू लागली. जमावाच्या हातात मतदारयाद्या होत्या. गाड्या अडवून माणसे उतरवली जात आणि संशय आला की त्याला ‘बाल्दिय’ हा शब्द उच्चारायला लावत. बादलीसाठीचा हा सिंहली शब्द पोर्तुगीज ‘बाल्दे’वरून आलेला आहे, मराठीतली ‘बालदी’ही तेथूनच आली, शुद्ध तमिळ शब्दाच्या आरंभी ‘ब’ येत नाही, त्यामुळे अनेक तमिळांच्या तोंडी त्याचे ‘वाल्दिय’ होई. मरणाऱ्याला आणि मारणाऱ्याला डोळ्यांनी एकमेकांपासून वेगळे ओळखता येत नव्हते, म्हणून ही परीक्षा लागत होती. वेलिकडाच्या तुरुंगात दोन हल्ल्यांत ५३ तमिळ कैदी मारले गेले. मृतांचा सरकारी आकडा चारशेच्या आत, इतरांचे अंदाज तीन हजारांपर्यंत. अध्यक्ष जयवर्धने चार दिवसांनी दूरचित्रवाणीवर बोलले, त्यात मृतांबद्दल सहानुभूतीचा शब्द नव्हता.

ऑगस्ट १९८३ मध्ये घटनेला सहावी दुरुस्ती जोडून फुटीरतेविरुद्ध शपथ सक्तीची केली गेली आणि ती न घेतल्यामुळे तमिळ खासदारांच्या जागा गेल्या. येथे पुन्हा भारताशी तुलना सुचते. वीस वर्षे आधी, १९६३ मध्ये, भारतानेही फुटीरतेच्या प्रचाराला बंदी घालणारी घटनादुरुस्ती केली होती आणि द्रमुकने स्वतंत्र द्रविडनाडूची मागणी सोडली होती. फरक असा की द्रमुकपुढे भाषिक राज्याची सत्ता मिळवण्याचा रस्ता मोकळा होता आणि १९६७ साली ती त्यांनी मिळवली. १९६५ च्या हिंदीविरोधी आंदोलनानंतर इंग्रजी चालू ठेवण्याची कायदेशीर हमीही मिळाली. जाफन्याच्या खासदारांना मागणी सोडण्याच्या मोबदल्यात देऊ केलेले काहीच नव्हते. आपल्याकडे या दोन तमिळ राष्ट्रवादांची सर्रास गल्लत होते. तमिळनाडूचा राष्ट्रवाद ब्राह्मणेतर चळवळीतून आणि नास्तिक बुद्धिवादातून आला. जाफन्याचा शैव परंपरेतून, आणि त्याचे प्रारंभीचे पुढारी वेळ्ळाळर या जमीनदार जातीचे. मंदिरप्रवेशासाठी जाफन्यातील दलितांना १९६८ साली माविट्टपुरमच्या मंदिरासमोर जे लढावे लागले, ते सिंहलींशी नव्हे.

१९८३ नंतर हजारो तरुण सशस्त्र गटांत गेले, आणि भारत सरकारने त्यांना शस्त्रे आणि प्रशिक्षण दिले. गट अनेक होते. लिट्टेचा प्रमुख, वल्वेट्टितुरै या किनारी गावचा वेलुपिल्लै प्रभाकरन, याने बाकीचे बहुतेक मोडून काढले. १९८६ मध्ये ‘टेलो’ या गटाच्या शेकडो तरुणांना तमिळांनीच जाफन्याच्या रस्त्यांवर मारले. २९ जुलै १९८७ च्या भारत-श्रीलंका कराराने घटनेत तेरावी दुरुस्ती आली, तमिळलाही राजभाषेचे स्थान मिळाले, प्रांतिक मंडळे आली. परंतु शांतिसेना म्हणून गेलेले भारतीय सैन्य काही आठवड्यांतच लिट्टेशी लढू लागले, सुमारे १,२०० जवान गमावून मार्च १९९० मध्ये परतले, आणि २१ मे १९९१ रोजी श्रीपेरुंबुदूरला राजीव गांधींचा बळी गेला.

लिट्टेच्या प्रदेशात आता ‘एक लोक, एक प्रतिनिधी’ हा नियम होता. १९८९ साली ज्येष्ठ संसदीय नेते अमिर्तलिंगम यांना त्यांच्या कोलंबोतील घरी मारले गेले. जाफना विद्यापीठातील शरीरशास्त्राच्या प्राध्यापक रजनी तिरणगम यांनी सरकार, भारतीय सैन्य आणि लिट्टे या तिघांच्याही अत्याचारांची नोंद ठेवली, आणि सप्टेंबर १९८९ मध्ये सायकलवरून घरी जाताना त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. घटनातज्ज्ञ नीलन तिरुचेल्वम संघराज्याकडे नेणारा मसुदा तयार करत होते. जुलै १९९९ मध्ये आत्मघातकी हल्ल्यात ते गेले. बहुमताने छोटी मागणी फेटाळली म्हणून जन्मलेली चळवळ छोटी मागणी करणाऱ्या आपल्याच माणसांना गद्दार म्हणू लागली होती. ऑक्टोबर १९९० मध्ये तिने उत्तर प्रांतातील सुमारे ७५ हजार मुसलमानांना हाकलले. जाफना शहरात त्यांना दोन तासांची मुदत मिळाली, आणि अंगावरचे दागिनेही काढून घेतले गेले. ते तमिळ बोलत होते, पिढ्यान्‌पिढ्या तेथेच राहत होते. ‘तमिळ भाषक जनता’ असे चेल्वनायकमांनी जिला म्हटले होते तिचाच ते भाग होते. बहुतेकांनी पुत्तळमच्या छावण्यांत वर्षानुवर्षे काढली. तमिळ समाजात या घटनेची उघड चर्चा व्हायला दोन दशके लागली.

युद्ध १८ मे २००९ रोजी मुल्लिवैक्काल येथे, एका बाजूला खाडी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र असलेल्या वाळूच्या पट्टीवर संपले. माघार घेणाऱ्या लिट्टेने लाखो नागरिकांना ढालीसारखे सोबत ओढले आणि पळू पाहणाऱ्यांवर गोळ्या झाडल्या. सरकारने ‘गोळीबारमुक्त क्षेत्र’ जाहीर केले आणि त्याच क्षेत्रावर तोफा डागल्या. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने २०११ मध्ये म्हटले की अखेरच्या महिन्यांत ४० हजारांपर्यंत नागरिक मेले असणे शक्य आहे. वेढ्यातल्या लोकांनी अखेरच्या दिवसांत तांदूळ, पाणी आणि मीठ यांच्या पेजेवर गुजराण केली. दर मे महिन्यात उत्तर-पूर्वेत ती पेज तशीच बेचव शिजवतात आणि नारळाच्या करवंटीतून वाटतात. पोलिसांनी काही वेळा तीही थांबवली आहे.

संघर्षाचे परिणाम मोजताना मृतांच्या संख्येपाशी थांबून चालत नाही. जाफना जिल्ह्याची लोकसंख्या १९८१ साली सुमारे ७ लाख ३८ हजार होती, ती २०१२ मध्ये ५ लाख ८३ हजार भरली. टोरोंटो, लंडन आणि पॅरिस येथे नवे जाफने वसले, आणि ज्यांना परतायचे नाही त्यांचा राष्ट्रवाद, जगात अन्यत्रही दिसते तसा, मागे राहिलेल्यांपेक्षा अधिक ताठ राहिला. लोकसंख्या घटली तशी संसदेतील आवाजही घटला: जाफना मतदारसंघाच्या जागा २०१० मध्ये नऊ, २०१५ मध्ये सात आणि २०२४ मध्ये सहा. किलिनोच्चीत कंदस्वामी मंदिरापाशी फेब्रुवारी २०१७ पासून बेपत्ता मुलांच्या आया धरणे धरून बसल्या. त्यांपैकी कित्येक जणी उत्तर न मिळताच वारल्या. दक्षिणेनेही किंमत मोजली. याच काळात सिंहली तरुणांचे बंड मोडताना दक्षिणेत हजारो मारले गेले, उत्तरेसाठी केलेला दहशतवादविरोधी कायदा सर्वांवर चालला, आणि युद्ध संपल्यावरही सैन्य तेवढेच राहिले. देश दिवाळखोरीत गेल्यावर, २०२३ मध्ये, ते २०३० पर्यंत एक लाखावर आणण्याची घोषणा झाली.

राहिला प्रश्न १९५७ च्या प्रादेशिक मंडळांचा. तेराव्या दुरुस्तीने दिलेल्या प्रांतिक मंडळांना जमीन आणि पोलीस हे विषय कागदावर मिळाले, प्रत्यक्षात मिळाले नाहीत. उत्तर प्रांताच्या स्वतंत्र मंडळाची पहिली निवडणूक सप्टेंबर २०१३ मध्ये झाली. त्या मंडळाची मुदत ऑक्टोबर २०१८ मध्ये संपली, आणि २०२४ संपेपर्यंत दुसरी निवडणूक झालेली नव्हती.